दक्षिणेची भिंत

आमच्या घराच्या एका भिंतीला सगळे 'दक्षिणेची भिंत' म्हणतात. आजोबांनी घर बांधलं तेव्हापासून म्हणतात. तिच्याकडे पाय करून झोपायचं नाही, समईची वात तिच्याकडे करायची नाही. घरात नवीन सून आली की पहिल्या आठवड्यात तिला ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांत ही भिंत असतेच. मलाही ती इतकी पाठ होती की गच्चीवर छत्री बसवायची वेळ आली तेव्हा दक्षिण शोधावी लागेल, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. भिंतीला गुण्या लावला, खांबावर खूण केली आणि पुढचा दीड महिना घालवून बसलो.

छत्री म्हणजे पावसातली नव्हे. गच्चीवरच्या जाळीच्या मोठ्या डिशला आमच्याकडे सरसकट छत्रीच म्हणतात. ही आठ फुटी, ॲल्युमिनियमच्या जाळीची. कुणा केबलवाल्याने धंदा गुंडाळला, त्याच्या गच्चीवरून ती भंगारात आली होती. सोबत तिचा पोलर माउंट, म्हणजे तिला फिरू देणारी बैठक, आणि ३६ व्होल्टवर चालणारा ॲक्च्युएटर, म्हणजे मोटरने आत-बाहेर होणारा लांब दांडा. भंगारवाला ॲल्युमिनियमचा भाव लावून मोकळा झाला. त्याच भावात मी सगळं उचललं. टेम्पोतून उतरवताना लेकीने विचारलं, "बाबा, हिचं करायचं काय?"

"फिरवायची."

"आणि मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोबाइलवर जगातलं सगळं दिसत असताना माणसाने छत्री का फिरवावी? खरं सांगायचं तर १९९२ सालची एक जुनी बाकी होती.

तेव्हा मी बारा वर्षांचा. आमच्या पेठेतल्या केबलवाल्याच्या गच्चीवर तीन छत्र्या होत्या आणि मी शाळा सुटली की तिथे पडीक असायचो. त्याआधी साताऱ्यातल्या प्रत्येक कौलावरच्या अँटेनाची मान एकाच दिशेला असायची, अजिंक्यताऱ्याकडे. टीव्हीचा टॉवर गडावर, त्यामुळे चित्र यायचं तेही गडावरूनच. केबलवाल्याच्या छत्र्या मात्र गडाच्या डोक्यावरून वर कुठेतरी रिकाम्या आभाळाकडे बघत असायच्या. तिथे काय आहे म्हणून मी पुष्कळदा डोळे ताणून पाहिलं. काही नव्हतं. पण केबलवाला दोन पाने घेऊन छत्रीच्या मागे घुसायचा, नट ढिले करायचा, एक पोरगं टीव्हीसमोर बसवायचा, आणि पडद्यावरच्या मुंग्यांमधून हळूहळू एखादा गाणारा माणूस वर यायचा. टीव्हीसमोरचं ते पोरगं म्हणजे बहुतेक वेळा मीच.

छत्रीला मोटर लावून एकाच छत्रीत सगळे उपग्रह बघता येतात, असं तो म्हणायचा. त्याने स्वतः कधी लावली नाही. त्याला तीन उपग्रह चोवीस तास लागायचे, एक सोडून दुसरीकडे बघणं धंद्याला परवडणारं नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र ती फिरणारी छत्री राहून गेली.

त्या वेळी त्याच्या सगळ्यात मोठ्या छत्रीचं तोंड १०५.५ अंश पूर्व रेखांशावरच्या एशियासॅट-१ कडे होतं. स्टार आणि मग ऑक्टोबर १९९२ पासून झी, सगळं तिथूनच यायचं. या उपग्रहाची कुळकथा मला फार नंतर कळली. मुळात तो वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून सोडला, पण त्याला वर नेणारं इंजिन मध्येच बंद पडलं आणि तो भलत्याच खालच्या कक्षेत भटकत राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरीतल्या अंतराळवीरांनी त्याला अक्षरशः हातांनी धरून यानात भरलं आणि जमिनीवर परत आणलं. डागडुजी झाली, मालक बदलला, नाव बदललं, आणि ७ एप्रिल १९९० रोजी चिनी रॉकेटवर बसून तो पुन्हा वर गेला. म्हणजे भारतात घराघरात खासगी वाहिन्या आणल्या त्या एका सेकंडहँड उपग्रहाने. भंगारातली छत्री घरी आणताना मला त्याची फार सोबत वाटली.

आता थोडं गणित. विषुववृत्ताच्या बरोबर वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला की तो पृथ्वीच्याच वेगाने फिरतो आणि खालून बघणाऱ्याला एका जागी खिळल्यासारखा वाटतो. तीन उपग्रहांत सगळं जग जोडता येईल, असं ऑर्थर क्लार्कने १९४५ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात मांडलं. म्हणून त्या पट्ट्याला क्लार्कचा पट्टा म्हणतात. पुढे १९७५ मध्ये आपल्याकडे उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा 'साइट' प्रयोग झाला, २,४०० गावांत. त्या वेळी इस्रोच्या लोकांनी क्लार्कच्या कोलंबोतल्या घरावरही एक छत्री बसवून दिली होती. ज्याने कल्पना मांडली त्याच्याच घरी प्रक्षेपण पोचवण्याची ही रीत मला आवडते.

तर हा पट्टा म्हणजे आभाळात ताणलेली एक कमान. पूर्वेच्या क्षितिजातून वर येते, दक्षिणेला सगळ्यात उंच जाते आणि पश्चिमेला उतरते. उपग्रह त्या कमानीवर एकामागे एक बसलेले, प्रत्येकाची ओळख त्याच्या रेखांशाच्या आकड्याने. छत्री हाताने फिरवायची म्हटली तर प्रत्येक उपग्रहासाठी दोन गोष्टी बदलाव्या लागतात, दिशा आणि उंची. शिवाय दोन्ही वेड्यावाकड्या बदलतात. ७४ अंशांवरून ६८.५ वर जायचं तर कागदावर साडेपाच अंशांचा फरक; पण साताऱ्यातल्या गच्चीवर उभं राहून होकायंत्रावर मोजाल तर साडेसतरा अंश फिरावं लागतं. पोलर माउंट ही भानगड मिटवतो. छत्री ज्या आसाभोवती फिरते तो आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा, म्हणजे ध्रुवाकडे रोखायचा. छत्रीचं तोंड त्या आसाच्या काटकोनाहून किंचित खाली झुकवायचं, आपल्याकडे तीन अंशांच्या आसपास. मग एकच दांडा आत-बाहेर केला की छत्री आपोआप कमानीवरून चालते. मोटर एकच आणि तिला अक्कल शून्य. सगळी अक्कल बसवणाऱ्याने आधीच खर्च करायची असते.

आस आडव्या पातळीशी किती कलायचा, तर आपल्या अक्षांशाइतका. लंडनला ५१ अंश, म्हणून तिकडच्या फोटोंतले माउंट तोऱ्यात उभे दिसतात. साताऱ्याला १७.७. आमचा माउंट जवळजवळ आडवा पडलेला, दुपारी जेवून लवंडल्यासारखा.

साताऱ्याचं अजून एक भाग्य नकाशा बघताना सापडलं. आपलं शहर बरोबर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. आणि ७४ ही भारताच्या उपग्रहांची जुनी जागा. १९८३ चा इन्सॅट-१बी तिथेच होता, हवामानाचा कल्पना-१ तिथेच होता. म्हणजे आमच्या कमानीचा कळस कुठल्या परक्या उपग्रहाकडे नाही, आपल्याच वहिवाटीच्या जागेकडे आहे. क्षितिजापासून ६९ अंशांवर. अजिंक्यतारा कितीही आडवा आला तरी त्याला हात लागत नाही.

मार्चच्या शेवटी काम सुरू केलं. मी एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे, डायल लावून बारीक मोजणं हे रोजचं. त्यामुळे खांबाच्या बाबतीत मी गवंड्याला छळलं. तीन इंची पाइप, काँक्रीटमध्ये, आणि ओळंबा एका बाजूने नाही, काटकोनातल्या दोन्ही बाजूंनी. खांब एका अंशाने कलला तर खाली सूतभर दिसतं, वर सहाशे किलोमीटर. गवंडी म्हणाला, "साहेब, देवळाचा कळस बसवताना एवढं बघितलं नव्हतं." आसाचा कल मोजला, छत्रीचा झोक मोजला. आणि दिशा? दिशेला काय, भिंत होती की.

लेकीला टीव्हीसमोर बसवलं, फोन स्पीकरवर ठेवला. मी गच्चीवर, हातात ॲक्च्युएटरचं बटण. ६८.५ एका संध्याकाळीच मिळाला. जवळच ७६.५ मिळाला. लेक खालून आकडे वाचायची, "बत्तीस, चाळीस, अठ्ठेचाळीस, बाबा चित्र आलं!" मी आईला हाक मारून पेढे मागवायच्या बेतात होतो. मग छत्री पूर्वेला न्यायला लागलो. ८३ वर आकडा उतरला. ९३.५ वर चित्र यायचं, अडखळायचं. आणि १०५.५, जिथून माझी सगळी गोष्ट सुरू झाली, तिथे काही नाही.

"थोडं पुढे घेतो. आता?"

"नाही."

"मागे?"

"आलं, आलं... गेलं!"

हे 'गेलं!' मी त्या दीड महिन्यात इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा ऐकू यायचं. जुन्या ॲनालॉग काळात असं नव्हतं. थोडं चुकलं तर थोड्या मुंग्या, जास्त चुकलं तर जास्त मुंग्या. मुंग्यांच्या मागे मागे जात वारुळापर्यंत पोचता यायचं. डिजिटलमध्ये मुंग्याच नाहीत. चित्र असतं स्वच्छ, नाहीतर काळा पडदा. त्यात रिसीव्हरवर दोन पट्ट्या असतात. त्यातली स्ट्रेंग्थची पट्टी भिंतीकडे तोंड केलं तरी भरलेली दिसते. नवशिका तिच्यावरच भाळतो. खरं ते क्वालिटीचं.

आठ फुटी छत्रीची नजर सी-बँडवर, म्हणजे या उपग्रहांच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात, फार तर दोन अंशांची. म्हणजे मधल्या रेषेपासून एक अंश हललं की सिग्नल अर्धा. आपण बोटाने दाखवतो त्याच्या मानाने हे फारच काटेकोर. मी रोज संध्याकाळी कामावरून आलो की गच्चीवर. नट ढिला, नट घट्ट. आसाचा कल अर्धा अंश वाढव, अर्धा कमी कर. पूर्व सुधारली की पश्चिम बिघडायची. बायकोने चहा वर पाठवणं बंद केलं.

शेवटी एका संध्याकाळी वैतागून मी १०५.५ वर छत्रीच्या खालच्या कडेला दोन्ही हातांनी लोंबकळलो. खालून लेक ओरडली, "आलं!" हात सोडला, गेलं. पुन्हा दाबलं, आलं. म्हणजे पूर्वेला छत्री कमानीच्या वर बघत होती. मग पश्चिमेचं टोक पाहिलं. तिथे उलट, कड उचलून धरली की आकडा वाढायचा. मी गच्चीवरच मटकन बसलो. कल चुकला असता तर दोन्ही टोकं एकाच बाजूला चुकली असती. पूर्वेला वर आणि पश्चिमेला खाली, याचा अर्थ सगळी कमानच पूर्वेकडे सरकली होती. मधले उपग्रह सापडले ते कमान माथ्याजवळ सपाट असते म्हणून. तिथे चूक लपून राहते, टोकाला उघडी पडते. दक्षिण चुकली होती. बाकी सगळं बरोबर होतं.

आता कबुली. मोबाइलमधलं होकायंत्र पहिल्याच दिवशी सांगत होतं की भिंत चार अंश पूर्वेला वळलेली आहे. लोखंडी पाइपजवळ होकायंत्र भरकटतं, हे मला माहीत होतं. तेवढं कारण पुढे करून मी मोबाइललाच खोटं ठरवलं. भिंत खोटी असेल अशी शंकाच आली नाही.

सूर्य तरी खोटं बोलणार नाही, म्हणून टूलरूममधून एक मीटर लांबीचा ब्राइट बार, म्हणजे सरळ पोलादी सळई, आणला आणि गच्चीवर उभा केला. साधा हिशोब असा: भारताची वेळ ८२.५ अंशांवरची, आपण ७४ वर. साडेआठ अंश म्हणजे ३४ मिनिटं मागे. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या साडेतीन मिनिटं पुढे असतो. म्हणजे साताऱ्यात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराला. त्या क्षणी सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडणार, तिच्यावर खडूने रेघ मारली की झालं. रविवारची वाट न बघता सुट्टी टाकली. तारीख १० मे.

सव्वाबाराला सावली चार बोटांपेक्षा थोडी कमी होती. मी खडू घेऊन बसलो. बारा पंचवीसला बोटभर उरली. साडेबाराला सावली नव्हती. बार उभा, ऊन रणरणतं, आणि बारच्या बुडाशी काहीच नाही. खाली गल्लीत पोरं बाटल्या, डबे, पेले उभे करून नाचत होती, शाळेत त्यांना सांगितलं होतं, आज शून्य सावली दिवस. सूर्य साताऱ्याच्या बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा; एक या तारखेच्या आसपास, दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, पण तेव्हा साताऱ्यात सूर्य दिसतो कुणाला. अख्ख्या वर्षातून सावलीने दिशा शोधायला मी नेमका हा दिवस निवडला होता. आणि कामावर मला सगळे काटेकोर म्हणतात.

लेक हसून हसून लोळली. मग तीच म्हणाली, "दुपारची नाही तर सकाळची घे ना." पोरीला माहीत नव्हतं, पण ती जे म्हणाली ते कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे. शंकू, म्हणजे उभा खुंट, रोवायचा, त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ. यज्ञाची वेदी आखायला हीच रीत. माध्यान्हीची सावली लागतच नाही. सुट्टी वाढवली. दुसऱ्या दिवशी दोराला खडू बांधून ९० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. सकाळी साडेनऊच्या सुमारास एक खूण, दुपारी साडेतीनच्या सुमारास दुसरी. मधले सहा तास गच्ची तापून तवा झाली होती, पण मी खाली उतरलो नाही. कुणी बारला धक्का लावला असता तर?

रेघ मारली, तिच्यावर काटकोन काढला, आणि ती दक्षिणेची रेघ दोरीने कठड्यापर्यंत नेली. कठडा भिंतीवरच बांधलेला. दोरी कठड्याला काटकोनात भेटायला हवी होती. भेटली नाही. मी कोन मोजला. चार अंश.

आईला वर आणून दाखवलं. तिने दोरीकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुझ्या आजोबांनी दिशा कशाला बघितल्या असतील? बोळ जसा होता तशी भिंत उचलली. जागा वाया जाऊ नये म्हणून." मी विचारलं, मग इतकी वर्षं पाय कुठे करायचे नाहीत ते कसं ठरलं? ती म्हणाली, "चार अंशांनी यमाला काही फरक पडत नाही." यमाला नसेल. एशियासॅटला पडतो.

ध्रुवाकडे बघून आस लावता आला नसता का, असं नंतर एकाने विचारलं. आला असता. साताऱ्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर, आणि आमच्या उत्तरेला नेमकी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. माझा ध्रुवाशी संबंध एकदाच आला, लग्नात. तोही दुपारी साडेबाराला, मांडवाच्या छताकडे बोट करून भटजींनी दाखवला तेव्हा. मी 'दिसला' म्हणालो होतो.

माउंट चार अंश पश्चिमेला वळवायला दहा मिनिटं लागली. त्या रात्री १०५.५ वर चित्र आलं. मग ९३.५, ८३, ७६.५, ६८.५, ६६. एक बटण दाबायचं, दांडा घरघरत बाहेर येतो, छत्री मान वळवते, खाली पडद्यावर दुसऱ्याच देशाचे लोक दुसऱ्याच भाषेत बातम्या सांगायला लागतात. लेकीने चार दिवस पाहिलं आणि ती पुन्हा मोबाइलकडे गेली. मी मात्र जेवण झाल्यावर वर जाऊन उगीचच छत्री या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचो, टीव्ही बंद असतानाही.

पावसाळ्यात ॲक्च्युएटरच्या नळीत पाणी गेलं, ते उतरवून वाळवलं, रबरी बूट घातला. वीज गेली की पोझिशनरची, म्हणजे दांडा किती हलला ते मोजणाऱ्या डब्याची, मोजणी चुकायची. प्रत्येक वेळी ६८.५ पासून पुन्हा मोजायला लागायचं. हे सगळं चालायचंच. पण मनात एक खोच होती. आकडे चांगले होते, तरी कमान खरंच जुळली आहे की माझ्या छत्रीच्या दोन अंशांच्या ढिलाईत सगळं झाकलं गेलंय?

याचा निकाल वर्षातून दोनदाच लागतो. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य विषुववृत्त ओलांडून खाली तीन अंशांवर येतो, तेव्हा एक-दोन दिवस तो दिवसभर क्लार्कच्या पट्ट्यावरूनच चालतो, मार्चमध्येही तसंच. प्रत्येक उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, आणि त्याच्या स्वतःच्या रेडिओलहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज काही मिनिटं बुडून जातो. केबलवाले याला शिव्या देतात. माझ्यासाठी तो फुकटचा डायल गेज. छत्री उपग्रहाकडे असताना मधल्या फीडची, म्हणजे छत्रीसमोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या तोंडाची, सावली जाळीच्या नेमकी मध्यावर पडली, तर छत्री बरोबर.

३० सप्टेंबरला मी परत सुट्टी टाकली. सकाळी दहाच्या सुमारास १०५.५, सावली जाळीवरून सरकत आली आणि मधल्या चकतीवर बसली. पावणेअकरानंतर छत्री ९३.५ वर नेली, पुन्हा मध्यावर. ११.४२ ला ८३. आता सगळ्यात शेवटचा, दुपारचा ६८.५. कागदावर वेळ होती १२.५०.

साडेबाराला यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूने ढग आला. परतीच्या पावसाचा, काळा, जाड. जाळीवरची सावली पुसट झाली आणि नाहीशी झाली. मी वर बघितलं, कुठेही भगदाड नव्हतं. मे महिन्यात ऊन होतं तर सावली नव्हती, आता सावलीची जागा ठाऊक होती तर ऊन नव्हतं. पाने पिशवीत टाकायला लागलो.

बारा सत्तेचाळीसला खालून लेकीचा आवाज आला.

"बाबा, गेलं!"

मी पाना खाली ठेवला. "काय गेलं?"

"चित्र! चांगलं चाललं होतं, एकदम गेलं."

ढगाने ऊन अडवलं होतं. सूर्याचा रेडिओ त्याला अडवता येत नव्हता.

"हात लावू नकोस कशालाही," मी ओरडलो, "येईल परत. फक्त किती वाजता येतं ते लिही."